मशीन आलं तसं परत

कुओ तिएन-फू सदतीस मतांनी पडले.

वीस वर्षं, लागोपाठ पाच निवडणुका, ते निंगशान वस्तीचे प्रमुख होते. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, लहानथोर सगळे प्रमुखकाकाच म्हणत. पडले त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. “आता नुसतं काका म्हणा,” असं ते भाजीवालीला म्हणाले. “बरं, प्रमुखकाका,” म्हणत तिनं कोबी तराजूत टाकला.

मी विभाग कार्यालयातली कारकून, शेन. निंगशान वस्ती नऊ वर्षं माझ्याकडे आहे. प्रमुख निवडून येतात, कारकून नेमली जाते, त्यामुळे प्रमुख पडला तरी कारकून जागच्या जागी राहते. पंचवीस डिसेंबरला जुन्यांनी नव्यांना चार्ज द्यायचा होता आणि वस्तूंची यादी करण्याचं काम माझं होतं.

ताइपेजवळच्या कीलुंग बंदराच्या मागे डोंगराला चिकटून ही वस्ती आहे. गाडी खालच्या रस्त्यापर्यंत येते, वर सगळ्या पायऱ्या. काका तरुणपणी बंदरात क्रेन चालवायचे. माणसांकडे उंचावरून बघायची सवय तेव्हाचीच, असं त्यांचे विरोधक म्हणत. विरोधक म्हणजे खरं तर एकच, पंग रुई-चू. त्रेचाळीस वर्षांची बाई, खालच्या रस्त्यावर तिचं न्याहारीचं दुकान, अंड्याची पोळी आणि सोयाबीनचं दूध. काका स्वतः सतरा वर्षं तिच्याकडेच न्याहारी करत. तिनं उमेदवारीचा अर्ज भरला त्या दिवसापासून ते घरी खायला लागले. “मला पहाटे उठवून शेवटी पडलेच,” असं काकू सगळ्यांना सांगत.

तेवीस तारखेला काकांनी मला वस्तीच्या ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे समाजमंदिराच्या तळमजल्यावरची एक खोली. यादी मी आधीच करून ठेवली होती. लाऊडस्पीकर, डासांचा फवारा, घडीच्या चाळीस खुर्च्या, प्रिंटर, कॉम्प्युटर. काकांनी चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“इथं काय लिहिलंय?”

“कॉम्प्युटर, एक. चालू स्थितीत.”

“म्हणजे मशीन ना?”

“मशीनच.”

“आतलं काही लिहिलेलं नाही.”

“आतलं म्हणजे?”

“आतलं म्हणजे आतलं. मशीन सरकारनं दिलं. जसं आलं तसं परत जाईल. कोरं.”

आत काय होतं ते मला ठाऊक होतं. एक फाइल होती. पंचावन्नाव्या वर्षी काकांनी विभागाच्या वर्गात बसून कॉम्प्युटर शिकून घेतला होता. टाइप करणं जमेना, म्हणून ते एका प्लास्टिकच्या पाटीवर पेनानं एकेक अक्षर काढत आणि ते पडद्यावर उमटे. सोळा वर्षं भरत आणलेली ती फाइल, मशीन बदललं की जुन्यातून नव्यात उतरवलेली. सरकारी यादीप्रमाणे वस्तीत एकटी राहणारी म्हातारी माणसं तेवीस. काकांच्या फाइलीत एकसष्ट. कागदावर एका दारात पाच माणसं नोंदलेली असतात आणि त्यातली चार ताइपेला नाहीतर ताओयुआनला राहतात, हे सरकारला दिसत नाही. कुणाला ऐकू येत नाही, कुणाची किल्ली कुणाकडे असते, कुणाचा मुलगा फोन उचलतो आणि कुणाचा उचलत नाही, हे सगळं त्या फाइलीत होतं.

मी म्हटलं, “काका, ती फाइल पंगबाईंच्या उपयोगी पडेल.”

“तिच्याकडे सदतीस मतं जास्त आहेत. ती पडतील उपयोगी.”

मी माझ्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, यादीत नसेल तर यादीत घालू नका. आणि लोकांची खाजगी माहिती पुसली म्हणून कुणी विचारत नाही, ठेवली म्हणून विचारतात. मी म्हटलं, हे लेखी द्याल का? तेवढ्यात त्यांना दुसरा फोन आला.

काकांनी सेटिंग उघडलं. कसं करायचं ते त्यांनी कुठून तरी शोधून कागदावर लिहून आणलं होतं. एक एक ओळ वाचायची, दाबायचं, ओळीवर टिचकी मारायची. मध्येच पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीत लिहिलं होतं ‘माझ्या फाइली ठेवा’, दुसरीत ‘सगळं काढून टाका’.

“शेनबाई, काय करू?”

“तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त साक्षीदार आहे.”

हे मी म्हटलं. पुढं जे झालं त्यात हे माझं वाक्य आहे, म्हणून सांगून ठेवते.

“पेनड्राइव्हवर तरी उतरवून घेतलंय का?” मी विचारलं.

“कशाला? घरी नेऊन काय करू? पोथी म्हणून वाचत बसू?”

त्यांनी दुसरी चौकट दाबली. मशीननं बजावलं की हे एकदा केलं की मागे घेता येणार नाही, आणि पुन्हा विचारलं, नक्की का?

“मत टाकताना लोकांना असं कुणी विचारलं नाही,” काका म्हणाले आणि त्यांनी दाबलं.

पडदा काळा झाला. मध्ये एक चक्र फिरायला लागलं आणि त्याच्याखाली टक्के. एक. बऱ्याच वेळानं दोन. काकांनी चहा केला. आम्ही दोघं पडद्याकडे तोंड करून बसलो, जसं हॉस्पिटलात नंबराकडे बघत बसतात. बाराव्या टक्क्याला ते म्हणाले, या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला ओल येते, कपाट टेकवून ठेवू नये, तिला सांगा. मी म्हटलं, तुम्हीच सांगा की.

चाळिसाच्या सुमाराला पंग रुई-चू स्वतःच आली. एका हातात मोजायची टेप, कारण तिला खोलीचं माप घ्यायचं होतं, आणि दुसऱ्या हातात पिशवी.

“काका, गरम आहेत तोवर खाऊन घ्या. मिरची कमी घातलीय, तुम्हाला लागते तशी.”

“ठेव तिथं.”

तिनं पिशवी ठेवली आणि पडद्याकडे बघितलं. “हे काय चाललंय?”

“मशीन साफ करतोय. तुला नवं कोरं मिळेल. नवी नवरी, नवं घर.”

तिला समजायला वेळ लागला नाही. त्या फाइलीचं कौतुक सोळा वर्षं काकांनी तिच्याच दुकानात बसून केलं होतं. “शेनबाई, थांबवा हे. थांबवता येतं ना?”

पडद्यावर लिहिलं होतं, काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. मी ते बोटानं दाखवलं. “आता बंद केलं तर फाइल परत येणार नाहीच, मशीनही जाईल. मग यादीतलं ‘चालू स्थितीत’ खोडावं लागेल.”

“यादी घाला चुलीत,” ती मला म्हणाली. मग काकांकडे वळली. “राग माझ्यावर आहे ना तुमचा? मग माझ्या दुकानाची काच फोडायची होती. वरच्या म्हाताऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

“म्हाताऱ्यांनीही मतं दिलीच असतील की तुला. जा, त्यांनाच विचार कोण कुठं राहतं ते.”

“विचारीन. घरोघर जाऊन विचारीन.”

“जा ना. गुडघे नवे आहेत तुझे.”

ती माप न घेताच गेली. दुपारी अडीचला शंभर टक्के झाले. निळ्या पडद्यावर नमस्कार आला आणि मशीननं पहिला प्रश्न विचारला, तुम्ही कुठल्या देशात आहात?

काकांनी चष्मा काढला. “पुढचं तिला करू दे,” असं म्हणून त्यांनी यादीवर सही केली, टोपी घातली आणि गेले. पिशवीतल्या पोळ्या थंड झाल्या होत्या. त्या मी खाल्ल्या.

पंचवीस तारखेला सह्याशिक्के झाले. फोटो काढताना दोघं शेजारी उभे राहिले, एकमेकांशी बोलले नाहीत.

जानेवारीच्या मध्यात थंडीची लाट आली. इथली थंडी आकड्यात फार दिसत नाही, आठ-नऊ अंश, पण ओली असते, आणि वरच्या गल्ल्यांतल्या घरांत ऊब म्हणून काही नसते. म्हातारी माणसं न्हाणीघरात जातात आणि घसरून तिथंच पडतात. दर लाटेत शहरात काही जण जातात. पंगबाईंकडे माझी तेवीस नावांची यादी होती आणि गिऱ्हाइकांना विचारून विचारून तिनं आणखी नऊ मिळवली होती. म्हणजे बत्तीस. बाकीचे कुठं आहेत ते तिला माहीत नव्हतं, आणि तिला माहीत नाही हे तिला माहीत होतं.

लाटेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिनं लाऊडस्पीकर लावला.

“मी पंग रुई-चू बोलतेय. जे घरात एकटे आहेत त्यांनी दाराला बाहेरून एक टॉवेल अडकवा. कागदावर किती आहेत ते सोडा, खरोखर एकटे असाल तर अडकवा. रोज सकाळी आठच्या आत लावायचा, संध्याकाळी काढायचा. फाटका असला तरी चालेल, मी पळवणार नाही.”

काका तेव्हा पांघरुणात होते. निवडणुकीपासून ते नऊशिवाय उठत नसत. काकू सांगतात, ते ऐकून ते हसले. “अक्कल आहे बाईला,” म्हणाले. मग उठून बसले. “पण बहिऱ्यांना कोण सांगणार?”

काकू भात परतत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, “ज्यानं पुसलं त्यानं.”

काका कपडे करून बाहेर पडले. बहिरे किती ते त्यांना आठवेना. फाइलीत ती नावं लाल अक्षरांत होती, तो लाल रंग आठवत होता, नावं नाहीत. समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसून त्यांनी बोटं मोजली, दोनच आठवली. मग ते पायऱ्या चढायला लागले, आणि चढता चढता पायांना आठवत गेलं. इथं डावीकडे. इथं दार वाजवायचं नाही, खिडकीतून हात हलवायचा. चार घरं झाली. चौघांनाही त्यांनी खुणांनी टॉवेल समजावला, एकानं त्यांनाच तोंड पुसायला दिला.

पाचवं घर त्साओ आजींचं. वय त्र्याऐंशी. कागदावर त्या घरात मुलगी, जावई आणि दोन नातवंडं राहतात. प्रत्यक्षात ते ताओयुआनला. आजींना अजिबात ऐकू येत नसे, म्हणून काका स्वयंपाकघराच्या खिडकीतून टॉर्चचा उजेड आत फिरवत, तो बघून त्या येत. त्या दिवशी उजेड फिरवला तरी कुणी आलं नाही. काकांनी फोन केला तो मला. पंगबाईंचा नंबर त्यांच्याकडे होता, पण केला मला. मी तिला केला.

मी ऑफिसातून निघून वर पोचले तोवर ती एप्रनसकट तिथं आली होती.

“किल्ली कुणाकडे असते?” तिनं विचारलं.

“शेजारणीकडे. कुठल्या शेजारणीकडे ते…” काका थांबले. “लिहिलेलं होतं.”

एप्रन हाताला गुंडाळून तिनं खिडकीची काच फोडली आणि आत उडी मारली. काका टॉर्च धरून उभे होते. दिवसाउजेडी तो अजून चालूच होता.

आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, आदल्या संध्याकाळपासून. कंबरेचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती. अनोळखी बाई अंगावर पांघरूण घालतेय म्हणून त्या तिला ढकलत होत्या. तिनं दार उघडून काकांना आत घेतलं. काका ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. आजींनी त्यांचा चेहरा बघितला आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, “प्रमुख, उशीर केलात.”

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरला बांधून खाली नेलं. गडबड ऐकून दोन दारं सोडून एक बाई बाहेर आली. काय झालं म्हणाली. त्साओ आजींची किल्ली तिच्याच घरात खिळ्याला होती. ती सकाळपासून घरीच होती.

आजी जगल्या. महिनाभर हॉस्पिटलात होत्या, मग मुलगी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऑफिसात आले आणि लोक तक्रारी घेऊन येतात त्या खुर्चीत बसले. “लिही,” ते पंगबाईंना म्हणाले.

तिनं कोरी फाइल उघडली. काका सांगत गेले. अकरा नावांनंतर अडकले. डोळे मिटले, उघडले, छताकडे बघितलं.

“बसून येत नाही. चालावं लागतंय.”

“चला मग.”

तेव्हापासून रोज दहाला, न्याहारीची गर्दी सरली की, ती दुकान नवऱ्यावर टाकून वर जायची. काका पुढं, ती मागं फोनवर लिहीत. सवड असली की मीही जायचे. भांडणं रोज व्हायची. ती दोन अंगठ्यांनी भराभर टाइप करायची, ते काकांना पटत नसे. “एवढ्या लवकर लिहिलेलं खरं कसं असेल?”

“तुम्ही सावकाश लिहून काय दिवे लावलेत? पुसलंत ना?”

“पुसायला सोळा वर्षं लागली नाहीत, तेवढं खरं.”

सहाव्या दिवशी आम्ही येन यांच्या दाराशी आलो. येन मासे विकतात, घरात नवरा-बायको दोघंच. काका दाराबाहेरच थांबले आणि आवाज खाली आणून सांगायला लागले, “इथं एकटं कुणी नाही. पण लक्ष ठेव. नवरा पितो. बायकोवर हात उचलतो. आत बसायचं नाही, दारातूनच…”

दार उघडं होतं. येनवहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या.

“कोण पितो?”

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

“नाही, सांगा ना प्रमुखकाका. शेवटचे कधी प्यायले ते सांगा.”

काका पंगबाईंकडे बघायला लागले.

“अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं या घरात दारूचा थेंब नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्हाला नव्हतं?”

“लिहिलेलं होतं तसं…”

“कुठं लिहिलेलं?”

पंगबाईंनी सांगितलं. सांगायला हवं होतं की नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. येनवहिनींनी हात पदराला पुसावेत तसे दोन्ही हात स्वेटरला पुसले, कोरडे होते तरी.

“म्हणून तुम्ही आमच्याकडे कधी पाणीसुद्धा घेतलं नाही,” त्या म्हणाल्या. “मुलाच्या लग्नात आहेराचं लाल पाकीट दारातनंच देऊन गेलात. मी यांना म्हणायचे, प्रमुखांना घाई असेल, शंभर कामं असतात त्यांना.”

आतून येन आले. हातांना खवले चिकटलेले. “काय झालं?”

“काही नाही,” वहिनी म्हणाल्या. “टॉवेलचं विचारतायत.”

“आम्ही दोघं आहोत की. टॉवेल कशाला? या, बसा ना.”

पंगबाईंनी फोन खिशात टाकला होता. “पुन्हा येतो,” ती म्हणाली.

उतरताना काका तीन वेळा थांबले. तिसऱ्यांदा म्हणाले, “मी दर वेळी वाचून जायचो. वर यायच्या आधी फाइल उघडायची, त्या गल्लीतलं सगळं वाचायचं, मग निघायचं. सोळा वर्षांत एकदाही न वाचता गेलो नाही.”

“चांगलीच सवय की,” ती म्हणाली. तिला त्यांना टोचायचं नव्हतं.

“नाही,” काका म्हणाले. “त्यातलं हे एवढं तरी पुसलं गेलं ते बरं झालं.”

त्यानंतर तीन दिवस ते आले नाहीत. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. चौथ्या दिवशी आले.

“किती झाले?”

“चव्वेचाळीस,” पंगबाई म्हणाली.

“वाच. मोठ्यानं.”

ती वाचत गेली. जे त्यांनी स्वतः पाहिलं होतं ते राहिलं. जे कुणाकडून ऐकलं होतं तिथं ते हात वर करायचे आणि ती ती ओळ काढायची. कुणाचा मुलगा जुगार खेळतो, कुणी कुणाची जमीन लाटली, कुणाचं डोकं फिरलंय. अकरा ओळी गेल्या. एका ओळीला ती अडली. “हे राहू दे ना काका. कामाचं आहे.”

“मला कुणी सांगितलं होतं माहितीय? तिच्या जावेनं. काढ.”

तिनं काढलं.

फाइल एकसष्टपर्यंत कधीच पोचली नाही. चांद्र नववर्षापर्यंत बावन्न झाली. राहिलेल्यांतले काही वारले असतील, काही मुलांकडे गेले असतील, काही काकांच्या पायांनाही आठवले नाहीत. मुळात ती एकसष्टच होती का, हेही आता कुणाला सांगता येणार नाही. मार्चमध्ये काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पंगबाई एकटीच वर जायला लागली.

मी हॉस्पिटलात भेटायला गेले होते. पंगबाईंनी डब्यात दूध दिलं होतं, ते त्यांना दिलं. मग मी विचारलं, “काका, त्या मशीनचं वाईट वाटतं का?”

ते घोटभर दूध प्यायले. “त्साओ आजींचं वाटतं,” ते म्हणाले. “येनचं वाटतं, पण ते पुसल्याचं नव्हे, लिहिल्याचं.” मग पायाखालची उशी सरकली होती ती नीट करायला सांगितली, आणि मी ती केली.